भांडं रिकामं परत देऊ नये

मराठीत माणसांच्या नात्यांना वस्तूंची नावं आहेत. लग्न ठरलं की साखरपुडा होतो. पुडा साखरेचा, पण त्यात बांधली जातात दोन घरं. कुणाला कामावरून काढलं की त्याला नारळ दिला म्हणायचं. अवघड काम अंगावर घेतलं की विडा उचलला. दोन समाज एकमेकांच्या किती जवळचे, हे सांगायचं तर त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार होतो का ते बघायचं. आणि अजिबात पटत नसेल तर तेही एक नातंच, विळ्याभोपळ्याचं. साखर, नारळ, विडा, रोटी, विळा, भोपळा. माणसामाणसांतल्या संबंधांची ही यादी घेऊन वाण्याकडं गेलं तर निम्मं सामान तिथंच मिळून जाईल.

मी कविता लिहिणारा माणूस. समाजशास्त्राशी माझा संबंध बी.ए.च्या एका पेपरापुरता. तेव्हा शिकलो होतो की समाज म्हणजे माणसं, त्यांच्या रूढी, त्यांचे नियम आणि त्यांच्या संस्था. त्यात वाटी, दार, नळ, किल्ली असलं काही नव्हतं. वस्तू म्हणजे नाटकातलं नेपथ्य. बोलायचं ते पात्रांनी. पुढं हौसेनं वाचत गेलो तेव्हा कळलं, की आपल्या भाषेला जे ठाऊक होतं ते या शास्त्रातल्या काही मोठ्या माणसांनीही ओळखलं होतं. दोन माणसांच्या मधे जी वस्तू असते, किंवा जो तिसरा माणूस असतो, त्याच्यामुळं त्या दोघांचं नातं घडतं किंवा बिघडतं. आज त्याविषयी बोलायचं आहे.

जर्मनीत गेऑर्ग झिमेल नावाचे विचारवंत होऊन गेले. १९०९ मध्ये त्यांनी पूल आणि दार या दोन साध्या गोष्टींवर एक छोटा निबंध लिहिला. नदीचे दोन काठ आपल्याला 'वेगळे' वाटतात, कारण ते जोडावेत असं आपल्या मनात आलेलं असतं. पूल ते काम करतो. दाराचं निराळं आहे. भिंत मुकी असते, दार बोलतं. ते उघडू शकतं, म्हणूनच त्याच्या बंद असण्याला अर्थ येतो. मला यावरून वाटतं, भिंतीसमोर उभं राहून कुणाचा अपमान होत नाही. बंद दारासमोर होतो. पुढच्याच वर्षी झिमेल यांनी जेवणावर लिहिलं. खाणं ही किती स्वार्थी क्रिया आहे बघा, असं ते म्हणतात. मी खाल्लेला घास दुसऱ्या कुणाला खाता येत नाही. आणि तरीही हीच क्रिया माणसांना एकत्र आणून बसवते. आपल्याकडं तर 'पंगत' म्हटलं की ती कुणाची आणि कुणाला वगळून, हा प्रश्न लागलीच उभा राहतो.

त्यानंतर १९२५ मध्ये फ्रान्समध्ये मार्सेल मोस यांचा भेटवस्तूंवरचा दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. भेट म्हणजे मनात आलं म्हणून दिलेली वस्तू, असं आपण समजतो. मोस म्हणाले, भेटीला तीन बंधनं असतात. द्यावं लागतं, दिलेलं घ्यावं लागतं आणि घेतल्यावर कधी ना कधी परत करावं लागतं. त्यांच्यापुढं एक विलक्षण उदाहरण होतं. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहून ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२२ मध्ये एक ग्रंथ लिहिला होता. तिथं लाल शिंपल्यांच्या माळा बेटांच्या वर्तुळातून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरत असत आणि पांढऱ्या शिंपल्यांची कडी उलट दिशेनं. माणसं होड्यांतून समुद्र ओलांडून ही कडी आणायला जात. त्यातली कित्येक इतकी लहान, की कुणाच्या दंडात जाऊ नयेत. शिवाय ती ठेवूनही घ्यायची नाहीत. काही काळ मिरवायची आणि पुढच्या बेटावरच्या आपल्या माणसाला द्यायची. मग एवढा खटाटोप कशासाठी? तर त्या कड्यामुळं समुद्रापलीकडं आपलं असं एक माणूस जन्मभर राहतं.

मोस वाचताना मला समुद्र आठवत नाही, आमची गल्ली आठवते. आमच्याकडून ईदला शीरखुर्मा शेजारी जायचा, शेजारून दिवाळीला चकल्या-करंज्या यायच्या. या देवघेवीचं कौतुक भाषणांतून पुष्कळ झालेलं आहे. माझं लक्ष भांड्याकडं आहे. आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही रीत दोन्ही घरांत सारखी होती. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामं नाही. आणि बहुतेक भांड्यांवर नावं कोरलेली. लग्नात आहेर म्हणून आलेल्या स्टीलच्या डब्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख असायची. त्यामुळं शेजारच्या काकूंच्या भावाचं नाव मला माहीत झालं ते आमच्या फडताळात दोन दिवस राहिलेल्या डब्यावरून. तिसऱ्या दिवशी अम्मी म्हणायची, 'काकूंचा डबा पोचवून ये.' काय घालून पाठवायचं, यावर घरात चर्चा व्हायची. हिशेब कधी मिटायचाच नाही, आणि तो मिटू नये हीच तर भांड्याची करामत होती.

आता पदार्थ जातात-येतात ते हॉटेलातून पार्सलबरोबर आलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यांतून. 'डबा परत नको हं,' असं सांगून देतात. सांगणाऱ्याच्या मनात आपली सोयच असते. पण मोस यांचं तिसरं बंधन तिथं सुटलं. परत करायचं भांडं नाही, म्हणून परत जायला निमित्त नाही. शेजारधर्म उरला नाही, माणसं बदलली, असं आपण हळहळतो. माणसं बदलली असतील. पण भांडंही बदललं, तेही बघायला हवं.

या विचाराला सगळ्यांत धीट रूप दिलं ते ब्रुनो लातूर यांनी. नाव ऐकून दचकू नका, आपल्या लातूरशी त्यांचा काही संबंध नाही. १९४७ मध्ये फ्रान्समधल्या बोन या गावी, वाइनच्या धंद्यातल्या घराण्यात त्यांचा जन्म झाला आणि २०२२ मध्ये ते वारले. मिशेल कालाँ, जॉन लॉ यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९८० च्या दशकात एक नवी मांडणी पुढं आणली. समाज म्हणजे माणसं आणि वस्तू यांचं मिळून विणलेलं जाळं आहे. त्यातल्या वस्तू बाजूला काढून उरलेल्या माणसांवरून समाज समजत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची उदाहरणं अगदी घरगुती आहेत. एका हॉटेलचा मालक पाहुण्यांना सांगतो, बाहेर जाताना किल्ली इथं ठेवून जा. कुणी ऐकत नाही. तो पाटी लावतो. थोडे लोक ऐकतात. शेवटी तो किल्लीला एक जड लोखंडी गोळा अडकवतो. आता सगळे मुकाट्यानं किल्ली ठेवून जातात. पाहुण्यांची नीतिमत्ता सुधारलेली नाही. एवढं वजन खिशात घालून कोण हिंडणार? मालकाची विनंती लोखंडात उतरली, एवढंच. रस्त्यावरचा गतिरोधक हेच करतो. शाळेतली मुलं रस्ता ओलांडतात म्हणून हळू जाणारे थोडे. आपल्या गाडीचे पाटे मोडतील म्हणून सगळेच हळू जातात.

१९८८ मध्ये लातूर यांनी टोपणनावानं एक लेख लिहिला तो दार आपोआप बंद करणाऱ्या यंत्रावर. लोक दार उघडून आत येतात, पण लावत नाहीत. यावर एक उपाय म्हणजे दरवान ठेवायचा. त्याला पगार द्यायचा, आणि तो डुलकी घेणार. दुसरा उपाय, दाराला स्प्रिंग बसवायची. पण मग दार नाकावर आपटतं. म्हणून तेलाच्या दाबावर हळूच दार लावणारं यंत्र आलं. सगळं छान. पण ते दार ढकलायला थोडा जोर लागतो. धडधाकट माणसाला तो जाणवतही नाही. लहान मूल, म्हातारी, हातात ओझं असलेला हमाल यांना मात्र दार उघडत नाही. त्यांना अडवायचं असं कुणी ठरवलेलं नव्हतं. कुणाशी भांडायचं म्हटलं तर समोर कुणी नाही. दुजाभाव यंत्रात जाऊन बसला.

लातूर यांनी मधल्या वस्तूंचे आणि माणसांचे दोन प्रकार केले. मी त्यांना मराठीत निरोप्या आणि मध्यस्थ म्हणतो. निरोप्या जसं मिळालं तसं पोचवतो. मध्यस्थाच्या हातून जाताना मात्र गोष्ट बदलते, तिला काही चिकटतं, तिच्यातलं काही गळतं. आपण बहुतेक वस्तूंना निरोप्या समजतो. नीट पाहिलं तर बहुतेक मध्यस्थ निघतात. माझं हे बोलणंच घ्या. समोरचा माईक मला तुमचे चेहरे दाखवत नाही, म्हणून मी रोजच्यापेक्षा जपून बोलतो आहे. आणि स्टुडिओतलं घड्याळ तर माझी कितीतरी वाक्यं खाऊन टाकतं आहे.

याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे मनीऑर्डर. मुंबईच्या गिरण्यांत काम करणारा माणूस कोकणातल्या घरी पैसे पाठवायचा. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार ओळींची जागा असायची, त्यात खुशाली. गावात टपालवाला पैसे मोजून द्यायचा आणि वाचता येत नसेल तर त्या चार ओळी वाचूनही दाखवायचा. कुठली ओळ सावकाश वाचायची, कुठली गिळायची, ते त्याचं त्याला ठाऊक. मग घरच्या बाईचा अंगठा, साक्षीदाराची सही, आणि ती पोच परत मुंबईला. गिरणीतल्या माणसाच्या हातात येई तो बायकोच्या अंगठ्याचा शाईचा ठसा. ती जुनी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. आता पैसे क्षणात खात्यात जातात.

पण इथं मला उसासा टाकायचा नाही. त्या अंगठ्याच्या ठशात माया होती हे खरं. तितकंच हेही खरं, की किती पैसे आले ते टपालवाल्याला कळे, साक्षीदाराला कळे आणि सासऱ्याच्या हातात पडल्यावर त्या बाईला त्यातले किती मिळत, ते तिलाच ठाऊक. आज तिच्या स्वतःच्या खात्यात पैसे येतात, मधे कुणी नाही, ही तिची सुटका आहे. मधली वस्तू, मधला माणूस नेहमी जोडतोच असं नाही. तो तोडतोही. आणि आपल्या समाजात तोडण्याचं काम वस्तूंकडून जितकं करून घेतलं, तितकं क्वचितच कुठं करून घेतलं असेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर टिपणांत आपल्या शाळेविषयी लिहिलं आहे. वर्गात बसायला त्यांना वेगळं गोणपाट होतं. ते रोज घरून न्यायचं आणि घरी आणायचं, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. शाळेत पाण्याचा नळ होता. इतर मुलांनी तहान लागली की मास्तरांना विचारायचं, नळ उघडायचा, पाणी प्यायचं. भीमरावांना मास्तरांची परवानगी पुरत नसे. नळाला त्यांचा हात लागता कामा नये, म्हणून तो शिपायानं उघडून द्यायला हवा. शिपाई नसला तर पाणी नाही.

आता लातूर यांचं दार आणि हा नळ शेजारी ठेवून बघा. दरवानाचं काम यंत्राकडं द्यायचं, ही फ्रान्समधली गोष्ट. इथं उलट. नळ ही वस्तू कुणाच्याही हातानं उघडते. ती जात विचारत नाही. रहाट, दोर, पोहरा, पाणी वाढणारा, सगळ्यांना तिनं रजा दिली असती. म्हणून तिच्यापुढं मुद्दाम एक माणूस उभा केला. अस्पृश्यता हा मनातला विचार होता हे खरं, पण नुसत्या मनावर ती एक दिवसही टिकली नसती. तिला रोज गोणपाट लागे, शिपाई लागे, चहाच्या दुकानात बाहेर ठेवलेला वेगळा कप लागे.

धर्माधर्मांतल्या अंतरालाही भांडी लागत. ब्रिटिश काळात रेल्वेच्या अनेक स्थानकांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळं मिळे. पाणी तेच, घडा वेगळा, देणारा वेगळा. आझाद हिंद सेनेचे सैनिक लाल किल्ल्यात कैदेत होते, तेव्हाची एक आठवण सांगितली जाते. गांधीजी भेटायला गेले असता सैनिकांनी सांगितलं, आम्हाला इथं हिंदू चहा आणि मुसलमान चहा वेगवेगळा देतात. मग तुम्ही काय करता, असं त्यांनी विचारलं. उत्तर आलं, आम्ही दोन्ही चहा एकत्र करतो आणि वाटून पितो. सभा नाही, ठराव नाही. दोन किटल्या एक केल्या.

वस्तूवर बोट ठेवण्याचं सामर्थ्य सगळ्यांत स्पष्टपणे दिसलं ते महाडला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानं १९२३ मध्ये मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं. तळ्यावर मुसलमान पाणी भरत, ख्रिस्ती भरत, गुरंढोरं पीत. अस्पृश्य मानलेल्या माणसांना मनाई. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. ते पाणी प्यायल्यानं आम्ही अमर होणार नाही, आम्हीही माणसं आहोत हे सिद्ध करायचं आहे, असा त्यांचा आशय होता. हल्ले झाले, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. डिसेंबरात पुन्हा परिषद भरवायची तर मांडवाला जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या एका मुस्लिम गृहस्थांनी दिली. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागायला १९३७ साल उजाडलं. एका तळ्यापर्यंत पोचायला ठराव, सत्याग्रह, मार आणि दहा वर्षं कोर्ट. आणि तरीही १९७० च्या दशकात डॉ. बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ करावी लागली.

हे सगळं जुनं झालं असं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. काही वर्षांपूर्वी माझ्या मुलाला एका शहरात नोकरी लागली आणि आम्ही भाड्याचं घर बघत होतो. एजंटशी फोनवर छान बोलणं झालं. माझं मराठी ऐकून तो म्हणाला, 'सर, तुमच्यासारखी माणसं सोसायटीला हवीच आहेत.' मग त्यानं नाव विचारलं. पुढचं बोलणं छोटं होतं. 'माझं काही नाही हो सर, पण मालक ऐकणार नाहीत.' ओळखीतून मालकांचाच नंबर मिळाला. ते म्हणाले, 'माझी काही हरकत नाही, सोसायटीचा नियम आहे.' सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं, 'नियम वगैरे काही नाही, तो मालकांचा प्रश्न.' तिघंही सभ्यपणे बोलले. कदाचित तिघंही आपापल्या परीनं खरं बोलत असतील. नकार मात्र मिळाला, आणि तो कुणीच दिलेला नव्हता.

शाळेतला तो शिपाईही नियम करणारा नव्हता. मधे माणूस ठेवला, पाटी ठेवली, यंत्र ठेवलं की दोन्हीकडच्यांचे हात स्वच्छ राहतात. बऱ्याच इमारतींत घरकामाला येणाऱ्यांसाठी वेगळी लिफ्ट असते. तुम्ही या लिफ्टनं येऊ नका, असं तोंडावर सांगायला कुणालाही संकोच वाटेल. लिफ्टवरची पाटी तो संकोच वाचवते.

लातूर यांच्यावर टीका करणारे म्हणतात, वस्तूंना एवढं महत्त्व दिलं तर माणसांची जबाबदारी कुठं राहिली? दाराला, नळाला का दोष द्यायचा? टीका रास्त आहे. नळाला हेतू नसतो, माणसाला असतो. पण मला उलट वाटतं. हेतू वस्तूत जाऊन लपतो, म्हणूनच वस्तू उलटसुलट करून बघावी लागते. 'समाजाची मानसिकता बदलली पाहिजे' हे वाक्य आपण फार ऐकतो. मानसिकता कुणाला दिसत नाही, म्हणून ती बदलली की नाही तेही कळत नाही. गोणपाट दिसतं, कप दिसतो, लिफ्टवरची पाटी दिसते.

रोजच्या व्यवहारातसुद्धा हे बघता येतं. भाजीवालीकडं आता क्यूआर कोडचं कार्ड आणि पैसे आल्याचं मोठ्यानं सांगणारं छोटं यंत्र असतं. चोख व्यवहार, सुट्ट्या पैशांची कटकट नाही, तिचीही फसवणूक टळते. पूर्वी 'सुट्टे नाहीत, उद्या द्या' असं ती म्हणायची आणि त्या दोन रुपयांपायी दुसऱ्या दिवशी तिच्याकडं जावं लागायचं. दोन रुपयांच्या उधारीवर विश्वास उभा होता. आता विश्वास त्या यंत्रावर आहे. यात काय मिळालं आणि काय गेलं, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. पण हिशेब करायला हवा, हे मात्र नक्की.

त्यासाठी मोठे ग्रंथ वाचलेच पाहिजेत असं नाही. दोन माणसांच्या मधे काय ठेवलंय ते बघावं. ते कुणी ठेवलं, त्यापुढं कुणाला थांबावं लागतं, आणि ते उचललं तर कुणाला कुणाच्या डोळ्यांत बघावं लागेल, एवढं विचारावं. सुरुवात स्वयंपाकघरातल्या मांडणीपासून करता येईल. धुणं-भांडी करायला येणाऱ्या मावशींना आपल्याकडं चहा मिळतो. तो कुठल्या कपात मिळतो? कान तुटलेला, खिडकीत वेगळा ठेवलेला एखादा कप असेल, तर तो तिथं पहिल्यांदा कुणी ठेवला हे घरात कुणालाच आठवणार नाही. आठवायची गरजही नाही. तो कप टाकून द्यावा, आणि उद्याचा चहा सगळ्यांनी सारख्या कपांतून घ्यावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)